नवे मध्ययुगीन युद्धनियम: आधी एकच चकमक खेळून पाहा

टेबलावर छोट्या शिपायांनी खेळायच्या युद्धखेळाचं नवं नियमपुस्तक हातात आलं की थेट पूर्ण लढाई मांडायचा मोह होतो. मग अख्खी संध्याकाळ पानं चाळण्यात जाते आणि नियम कसे आहेत ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा आधी एकाच चकमकीचा निकाल काढावा. उदाहरणाला डीबीए (De Bellis Antiquitatis) हे नियम घेऊ. 1990 पासून खेळल्या जाणाऱ्या या नियमांत प्रत्येक बाजूला फक्त 12 तुकड्या लागतात.

शिपाई विकत घेऊन रंगवायची घाई नको. 15 मिमी शिपायांची एक तुकडी ज्या तुकड्यावर चिकटवतात, त्या बेसची रुंदी 40 मिमी असते. जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापा: नाइटसाठी (चिलखती घोडेस्वार) 40×30 मिमी, भालाइतांसाठी 40×15 मिमी. प्रत्येकावर नाव आणि पुढची बाजू दाखवणारा बाण हवाच. बाण नसेल तर बगल कुठली यावरून दुसऱ्याच चालीत वाद होतो.

आता मोकळ्या मैदानात एक नाइट आणि एक भालाईत समोरासमोर ठेवा. नाइटचा पायदळाविरुद्ध आकडा 3, भालाइताचा घोडदळाविरुद्ध 4. बाकी अधिक-उणे सध्या बाजूला ठेवा. फासे पडले अनुक्रमे 4 आणि 2, ते आकड्यांत मिळवले की 7 विरुद्ध 6. हरलेल्याची बेरीज समोरच्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर तो नुसता मागे हटतो, असं समजून नवखे पुढे जातात. चूक तिथेच होते. निकालाच्या तक्त्यात भालाइतांसाठी वेगळी ओळ आहे: मोकळ्या जमिनीवर नाइटकडून हरले की ते नष्ट.

हीच चकमक दोघांना दलदलीत उभं करून पुन्हा खेळा. दोघांचेही 2 वजा होतात, त्याच फाशांवर 5 विरुद्ध 4. फरक तोच, पण नष्ट होण्याची अट लागू नाही. भालाईत फक्त मागे हटतात. 11 जुलै 1302 ला आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्रेकला फ्लेमिश (तिथल्या फ्लँडर्स प्रांताच्या) पायदळाने चर आणि ओढ्यांच्या जमिनीवर फ्रेंच नाइटांना हरवलं, त्यामुळे जमिनीचा असा परिणाम न दाखवणारे नियम आमच्या मते मध्ययुगाचे नव्हेतच.

मग प्रत्येकी तीन तुकड्या घ्या. दर पाळीला एक फासा टाकायचा, पडेल तितके पिप, म्हणजे हालचालीचे गुण, मिळतात. एका पिपात एक तुकडी किंवा एकमेकींना चिकटून एकाच दिशेला तोंड असलेला गट हलतो. सैन्य विखुरलं आणि 1 पडला, की बाकीचे जागीच. बगलेला शत्रू भिडलेला असताना मागे हटायची वेळ आली तर तुकडी नष्ट, हेही मुद्दाम घडवून पाहा.

पूर्ण खेळाला 60 सेंमी चौरस टेबल पुरतं. पहिल्या दोन खेळांत दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं सैन्य द्या, दुसऱ्या खेळात बाजू बदला. नाहीतर दोष नियमांचा की सैन्याच्या यादीचा हे कळत नाही. तोवर स्वतः बनवलेले घरचे नियम घुसडू नका. शंका आली तर फासा टाकून तात्पुरता निकाल लावा, प्रश्न कागदावर टिपा आणि उत्तर खेळ संपल्यावर शोधा.