ग्लेशियरच्या जुन्या व्हॉल्टमधून रेकॉर्डिंग हलवायच्या आधीची तयारी

राजेहो, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचं आणि दंडार, खडी गंमत ह्या लोककलांचं रेकॉर्डिंग ॲमेझॉन ग्लेशियरच्या (इंटरनेटवर डेटा साठवून ठेवायची ॲमेझॉनची सर्व्हिस) जुन्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे तिथल्या कप्प्यात, टाकून ठेवलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. शाळावाले, भजन मंडळवाले, फोटो स्टुडिओवाले यांनाही कामात येईल.

पहिले घाबरायचं काम नाही हे सांगतो. ग्लेशियर २०१२ मध्ये आलं, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून त्या जुन्या व्हॉल्टवाल्या सर्व्हिसमध्ये नवीन गिऱ्हाईक घेणं बंद झालं, एवढंच. जुन्या गिऱ्हाइकांचा डेटा जिथल्या तिथं आहे, काढताही येते. एस३ (फाइली साठवायची ॲमेझॉनची दुसरी सर्व्हिस) मधले ग्लेशियर नावाचे जे स्टोरेज क्लास, म्हणजे साठवणीचे प्रकार, आहेत ते वेगळे, ते चालूच आहेत, आणि आपल्याला जायचंही तिकडेच आहे. तरी माझं म्हणणं आहे का हे काम येत्या पावसाळ्यातच उरकून घ्या. सीझन दिवाळीनंतर लागला का होळीपर्यंत कोणाले फुरसत नसते, आणि ह्या कामाले सगळ्यात जास्त माणसं लागतात, कॉम्प्युटर नाही. ते कसं ते खाली येते.

सुरुवात अकाउंटपासून करा. अकाउंट कोणाच्या ईमेलवर काढलं होतं, रूटचा (मुख्य मालकाच्या लॉगिनचा) पासवर्ड कोणाजवळ आहे, ओटीपी कोणत्या सिमवर जाते, हे आधी पाहा. बहुतेक ठिकाणी हे सगळं घरातल्या एखाद्या पोरानं करून दिलं असते आणि तो आता पुण्याले नोकरीवर असते. त्याले एक फोन लावा, समोरासमोर बसून ईमेल आणि नंबर मंडळाच्या नावावर करून घ्या. कार्डाची तारीख संपली का तेही पाहा, कारण बिल थकून अकाउंट बंद पडलं तं पुढचं काहीच होत नाही.

मंग व्हॉल्ट शोधा. ॲमेझॉनचं मुंबई रीजन (डेटा ठेवायचं ठिकाण) २०१६ मध्ये सुरू झालं, म्हणून त्याच्या आधी ज्यांनी टाकलं त्यांचं सामान अमेरिका, आयर्लंड नाहीतर टोकियोत असू शकते. कन्सोलमध्ये (अकाउंट चालवायच्या वेबपेजवर) मुंबई उघडून रिकामं दिसलं म्हणून 'गेलं बाप्पा सगळं' असं करू नका, वरून रीजन बदलून एकेक पाहा. व्हॉल्टले व्हॉल्ट लॉक लावलं आहे का तेही तेव्हाच पाहून घ्या. एकदा पक्कं केलेलं लॉक बदलता येत नाही, आणि त्यात इतक्या वर्षांपर्यंत डिलीट करायचं नाही असं लिहून ठेवलं असेल तं तेवढी वर्षं जुनं बिल चालूच राहील.

आता यादी. व्हॉल्टमध्ये काय काय आहे हे कन्सोलवर दिसत नाही, त्यासाठी इन्व्हेंटरी जॉब (यादी बनवून द्यायची मागणी) टाकावा लागते. घरच्या लाइनवर भरोसा ठेवू नका, ब्राउझरमधलं क्लाउडशेल (ॲमेझॉनची कमांड द्यायची खिडकी) उघडा आणि तिथूनच कमांड द्या, अकाउंट आयडीच्या जागी नुसता डॅश दिला तरी चालते. यादी तयार व्हायला काही तास जातात. तयार झाल्यावर ती साधारण २४ तासच उचलता येते, म्हणून संध्याकाळी जॉब टाकला तं सकाळी उठल्याबरोबर उतरवून घ्या आणि दोन पेनड्राइव्हवर ठेवा.

ती यादी उघडून पाहिली का समजते खरी अडचण कुठं आहे. एका रेकॉर्डिंगची एक ओळ, त्यात १३८ अक्षरांचा लांबलचक आयडी, अपलोडची तारीख, साइज, हॅश (फाइल तीच आहे का हे ताडून पाहायचा कोड), आणि एक डिस्क्रिप्शनचा रकाना. फाइलचं नाव असं वेगळं कुठंच नाही. जे काही असेल ते डिस्क्रिप्शनमध्ये, आणि त्यात फक्त इंग्रजी अक्षरंच चालत होती, म्हणून देवनागरीतली नावं तिथं कोणी टाकूच शकलं नाही, कित्येकांचा तो रकाना कोरा आहे. काही ओळींमध्ये विचित्र अक्षरांची माळ दिसेल, ती खराब समजून टाकून देऊ नका. फास्टग्लेशियरसारखे सॉफ्टवेअर फाइलचं नाव बेस६४ मध्ये (मजकूर इंग्रजी अक्षर-आकड्यांत लिहायची पद्धत) बदलून ठेवत होते, ते उलटं केलं का नाव वापस मिळते. सायनॉलॉजी कंपनीच्या स्टोरेजच्या डब्यातून बॅकअप घेतला असेल तं एकाच कामाचे दोन व्हॉल्ट दिसतील, एकाच्या नावामागे मॅपिंग लागलेलं असते. ते दोन्ही एकमेकाशिवाय कामाचे नाहीत, आणि कच्चे उचलून दुसरीकडे टाकले तं त्या ॲपले समजणार नाहीत. अशांनी त्याच ॲपमधून रिस्टोअर करून घ्यावं.

कोऱ्या ओळींसाठी वडशाच्या ऑफिसमधलं बुकिंगचं रजिस्टर काढा. कोणत्या रात्री कोणत्या गावात कोणतं नाटक लागलं हे त्यात असते, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांची शर्यत) यांच्या हँडबिलावरही असते. यादीतली तारीख अपलोडची आहे, प्रयोगाची नाही, म्हणून त्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस रजिस्टरमध्ये चाळा. साइजही मदत करते, रातभराच्या नाटकाची फाइल आणि अर्ध्या तासाच्या दंडारीची फाइल यात फरक पडतेच. एवढं करूनही जे राहील ते कलाकारांले विचारा. बाबूजी लोक अजून आहेत, ऑर्गनवर कोण बसलं होतं, खलनायक कोणी केला, हे ते आवाज ऐकून सांगतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा देशाले झाडीपट्टीचं नाव कळलं, पण ज्या शेकडो लोकांनी रात्री जागून ही रंगभूमी चालवली त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत, ती ह्याच यादीत येऊ शकतात. म्हणून एक्सेलमध्ये आयडीच्या बाजूला नाटक, गाव, वर्ष, कलाकार असे रकाने करा आणि ज्याले जेवढं आठवते तेवढं आजच भरा. मले विचाराल तं ह्या अख्ख्या कामात हेच काम सगळ्यात मोठं आहे.

नवीन जागा निवडणं त्यामानानं सोपं. जे कधीकाळीच लागते ते एस३ मधल्या डीप आर्काइव्ह ह्या स्टोरेज क्लासमध्ये टाका. तिथून काढायला साधारण १२ तास, स्वस्तात काढायचं तं ४८ तासापर्यंत, आणि १८० दिवसांच्या आत डिलीट केलं तरी तेवढ्या दिवसांचे पैसे लागतात. सीझनमध्ये मंडळवाले घडोघडी मागतात असे व्हिडिओ इन्स्टंट रिट्रीव्हल ह्या क्लासमध्ये ठेवा, तिथं थांबायचं काम नाही, पण कमीत कमी ९० दिवसांचे पैसे लागतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डीप आर्काइव्हचा भाव १ टीबीले महिन्याचा साधारण १ डॉलर आहे, मुंबईत त्याहून जास्त. बारक्या बारक्या फोटोंचा ढीग तसाच टाकू नका, डीप आर्काइव्ह दर फाइलमागे वरून ४० केबीचा हिशोब लावते आणि टाकायचेही फाइलमागे पैसे लागतात, म्हणून एका प्रयोगाचे फोटो एका झिपमध्ये बांधा.

आणखी एक, ज्याची मूळ फाइल अजून हार्डडिस्कवर चांगली चालून राहिली त्यानं व्हॉल्टमधून काढायचा खर्च करूच नये, सरळ नवीन बकेटमध्ये (एस३ मधल्या कप्प्यात) चढवावी. ५० एमबीपीएसचा अपलोड खरोखर मिळाला तरी १ टीबीले जवळपास दोन दिवस लागतात, आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून अर्ध्यातून पुढे सुरू होते असंच सॉफ्टवेअर वापरा.

बाकीच्यांनी ॲमेझॉनचं व्हॉल्टमधून एस३ मध्ये नेणारं तयार सोल्युशन आहे ते आपल्याच अकाउंटमध्ये लावावं. डेटा गावात येतच नाही, तिकडच्या तिकडे हलते. व्हॉल्ट ज्या रीजनमध्ये आहे बकेटही त्याच रीजनमध्ये करा. आपण बनवलेली नावांची फाइल त्याले देता येते, सगळी मेहनत तिथं कामी येते. खर्च काढण्याचा, टाकण्याचा आणि मधल्या काळात दोन्हीकडच्या साठ्याचा असा तिन्ही बाजूनं लागते, म्हणून बजेट अलर्ट आधी लावा आणि पहिले सगळ्यात लहान व्हॉल्टवर करून बिल पाहा.

सगळं गेलं का जुन्या यादीतली संख्या आणि साइज नवीन बकेटशी लावून पाहा, आणि दहा-बारा फाइली खरंच उघडून चालवा, सुरुवात, मधात, शेवट. डिलीट घाई करून करू नका, एक महिना दोन्हीकडे राहू द्या. मंग व्हॉल्टमधली एकेक फाइल कमांडनं उडवावी लागते, आणि सगळं उडवल्यावरही व्हॉल्ट लगेच डिलीट होत नाही, कारण त्याची इन्व्हेंटरी दिवसातून साधारण एकदाच बदलते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमांड द्या, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात ग्लेशियरची ओळ शून्य आली का ते पाहा.