हो ची मिन्हला चाललात? रस्त्याकडचा हात रिकामा ठेवा

मागच्या वर्षी आम्ही लातूरहून सात जण व्हिएतनामला गेलो होतो, आणि हो ची मिन्ह सिटीत, म्हंजे जुन्या सायगॉनात, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मेव्हण्याचा फोन गेला. गडी फुटपाथच्या कडंला उभा राहून औश्याला आईला व्हिडिओ कॉल लावून सिग्नलवरच्या गाड्या दाखवायलता, "बघ आई, मुंग्यावानी गाड्या हायत," आणि मागून एक स्कूटर आली, मागं बसलेल्या पोरानं तुरीची शेंग तोडावी तसा फोन उचलला आणि स्कूटर त्याच मुंग्यांत मिसळून गेली. कॉल चालूच होता. आईला तिकडं थोडं आभाळ दिसलं, कुणाचं तरी हेल्मेट दिसलं, मग बंद. नंतर म्हणायलती, "मला वाटलं तूच फोन गरागरा फिरवायलास."

आता मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा २५ डॉलरात ९० दिवसांचा मिळतो, त्यामुळं आपल्याकडून लई लोक तिकडं जायलेत. (व्हिसा काढताना पण बघा, सरकारी साईटच्या नावात शेवटी गव्ह डॉट व्हीएन असतं, गुगलवर वर येणाऱ्या बाकीच्या साईटी दुप्पट तिप्पट पैसे घेतात.) टूरवाला टोपी घ्या, क्रीम घ्या, खाकरा घ्या सगळं सांगतो, हे मात्र कुणी सांगत नाही म्हणून लिहायलोय.

आधी भीती काढून टाका. त्या शहरात रात्री अकराला बायामाणसं निवांत फिरतात, चाकू दाखवून लुटलं, मारहाण केली असं टुरिस्टाबरोबर क्वचितच होतं. तिथला चोर तुमच्याशी बोलायलासुद्धा थांबत नाही. शहरात ७० लाखांच्या वर दुचाक्या आहेत, चोर त्यातल्याच एकीवर, एक चालवणारा आणि एक हिसकावणारा. त्यांना फक्त तीन गोष्टी लागतात: वस्तू दिसली पाहिजे, ती रस्त्याच्या बाजूला पाहिजे, आणि तुमचं ध्यान दुसरीकडं पाहिजे. यातली एक जरी काढून घेतली तरी तो पुढच्या गिऱ्हाईकाकडं जातो, कारण गिऱ्हाईकं कमी नाहीत, दर दहा पावलांवर कुणीतरी मॅप बघत उभंच असतं.

म्हणून आमचा नंतरचा नियम एकच होता, रस्त्याकडचा हात रिकामा. चालताना रस्ता डावीकडं असला की डाव्या हातात काहीच धरायचं नाही, पर्स नाही, फोन नाही, पाण्याची बाटली धरा फार तर. फोन बघायचाय ना, तर दुकानाच्या आत जा, नाहीतर भिंतीला पाठ लावून बघा, दोन वळणं पाठ करा, फोन खिशात घाला आणि मग निघा. फुटपाथवर आहोत म्हंजे सेफ आहोत असं समजू नका, संध्याकाळी ट्रॅफिक तुंबलं की तिथल्या गाड्या बिनधास्त फुटपाथवर चढतात, लोकल माणसंच चढतात, त्यामुळं मागून गाडीचा आवाज आला तरी तुम्हाला काही वेगळं वाटत नाही. बाहेर टेबल टाकलेल्या कॅफेत फोन टेबलावर ठेवू नका. बाईक टॅक्सीवर मागं बसलात की फोन हातात घेऊन रील काढू नका, चालत्या गाडीवरून पण हिसकावतात, आणि तेव्हा फोन गेला तर ठीक, तोल गेला तर अवघड होतं.

हे बोलायला सोपं आहे, पण सवय मोडत नाही. जायच्या आधी आठ दिवस आपल्या लातूरच्या गंजगोलाईत प्रॅक्टिस करा, खरंच सांगतो, १६ रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं फोन खिशातून न काढता एक फेरी मारून दाखवा. मला पहिल्या दिवशी जमलं नसतं.

बॅगेचं जरा वेगळं आहे. लोक सांगतात की पट्टा आडवा, गळ्यातून घाला म्हंजे ओढता येत नाही. ओढता येत नाही हे खरं, पण मग तुम्ही पट्ट्यासकट ओढले जाता, स्कूटर थांबत नसती. माझं मत असं की बॅग घ्यायचीच तर स्वस्तातली घ्या, पुढं पोटावर किंवा भिंतीच्या बाजूला ठेवा, तिच्यात पाणी, छत्री, टिश्यू एवढंच ठेवा, आणि कुणी ओढली तर सोडून द्या. आपल्याकडच्या बायांना पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे मारायची सवय आहे, ती तेवढी तिथं करू नका.

पैसे आणि कार्ड ठेवायचा सगळ्यात बेस्ट उपाय आपल्याच आज्ज्याकडं होता. पंढरीला जाताना बंडीला आतून चोरखिसा असायचा, बघा. मी नेहमीच्या टेलरकडं जाऊन दोन पँटींना कमरंपाशी आतून चोरखिसा शिवून घेतला, वर बटण, ८० रुपये घेतले त्यानं, आणि हसला पण. ऑनलाईन मनीबेल्ट हजाराला मिळतो आणि घामानं भिजून खाज सुटते. बाहेरच्या खिशात फक्त दिवसभराचे सुट्टे.

सोन्याचं सांगायची गरज नसावी, पण आहे. सकाळी फिरायला गेलेल्या बाईचं मंगळसूत्र हिसकावलं ही बातमी आपण संभाजीनगर, नांदेड, लातूर सगळीकडची वाचतो, तरी परदेशात लग्नाला चालल्यासारखं घालून निघतो. आमच्या आत्याबाई ऐकायलाच तयार नव्हत्या, "सौभाग्याचं लेणं काढून ठिवू का?" म्हणायलत्या. शेवटी गोलाईतून काळ्या मण्यांची दीडशे रुपयांची पोत आणली, खरं मंगळसूत्र घरी कपाटात. वाद मिटला.

आता नोटा. यात चोर लागतच नाही, आपणच आपल्याला लुटतो. एका रुपयाला साधारण ३०० डोंग येतात, म्हंजे चहा प्यायला गेलं तरी हजारांत बोलतात, आणि सगळ्या नोटांवर एकच फोटो, त्यांचे नेते हो ची मिन्ह यांचा. २० हजाराची नोट निळी, आणि ५ लाखाची पण निळसरच. पहिली साधारण ६५ रुपयांची, दुसरी साडेसोळाशेची. रात्रीच्या उजेडात, मागं लोक उभे, समोरचा घाई करायला लागला की हमखास चूक होते. ५ लाखाच्या नोटा चोरखिशात वेगळ्याच ठेवा, आणि कुठलीही मोठी नोट देताना ती समोरच्याच्या डोळ्यासमोर धरून आकडा मोठ्यानं बोला, इंग्रजीत बोला नाहीतर मराठीत बोला, त्याला कळतं की हा बघून द्यायलाय. पाकीट उघडून "तूच काढून घे" असं तर अजिबात नाही. आमच्यातल्या एकानं तेच केलं, चांगुलपणानं. रुपये तिथं कुणी बदलून देत नाही असंच धरून चला, डॉलर न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा.

तान सन न्यात विमानतळ शहरातच आहे, मध्यवस्ती सातआठ किलोमीटर. बाहेर पडल्या पडल्या "टॅक्सी टॅक्सी, ग्रॅब ग्रॅब" करत लोक येतील (ग्रॅब म्हंजे तिथलं ओला-उबर), खरा ग्रॅबवाला कधी ओरडत नसतो, त्याचा गाडी नंबर तुमच्या ॲपवर असतो, नंबर जुळला तरच बसा. मीटरची टॅक्सी घ्यायची तर पांढरी विनासन किंवा हिरवी माय लिन्ह, याच रंगाच्या आणि जवळपास असंच नाव लिहिलेल्या नकली गाड्या पण असतात म्हणून स्पेलिंग वाचा. मीटरवर शेवटची शून्यं गाळलेली असतात, ६५.० दिसलं म्हंजे ६५ हजार. आम्हाला एक जण साडेसहा लाख म्हणून सांगायला लागला होता, मी फोनवर ग्रॅबचा रेट काढून दाखवला, तेव्हा गप झाला. सामान थोडं असलं तर १०९ नंबरची बस डिस्ट्रिक्ट वन, म्हंजे मध्यवस्तीपर्यंत जाते. (कागदोपत्री जिल्हे २०२५ च्या जुलैत गेले, पण लोक अजून तेच नाव घेतात.) आणि २२ डिसेंबर २०२४ पासून मध्यवस्तीतल्या बेन थानवरून मेट्रो पण सुरू झालीय, सुओई तिएनपर्यंत, तिच्यात कसलीच भानगड नाही.

रस्त्यावरचे गोडबोले ओळखायला सोपे असतात. नारळवाला त्याची कावड तुमच्या खांद्यावर देतो, फोटो काढ म्हणतो, फोटो होईपर्यंत नारळ फोडलेले असतात आणि मग मागेल तो भाव. बूटपॉलिशवाला पोरगा न विचारता तुमच्या चपलेचा तळवा चिकटवायला घेतो. सायकलरिक्षावाला "फिफ्टी" म्हणतो, उतरल्यावर ते माणशी निघतं नाहीतर डॉलर निघतात, म्हणून कागदावर आकडा, डोंग, आणि किती माणसांचे हे लिहून घ्या नाहीतर बसूच नका, मी तर म्हणतो बसूच नका. हात हलवून चालत राहायचं, थांबून "नको रे बाबा" म्हणत बसलात की संपलं.

बुई व्हिएनची, म्हंजे रात्रीच्या बारची गल्ली बघायला सगळेच जातात, जा, पण मित्रांबरोबर जा आणि पैसे दोन खिशांत वाटून घेऊन जा. तिथं बाया येऊन गळ्यात पडतात, आपल्या पोरांना वाटतं काय नशीब उघडलं, आणि तोवर मागच्या खिशातलं पाकीट गेलेलं असतं. रेट छापलेला मेनू नसला तर ऑर्डर देऊ नका. फुगे विकतात हसायच्या गॅसचे, त्यावर २०२५ पासून बंदी आहे, व्हेपवर पण बंदी आहे, हातात सापडलं तर तुम्हीच अडकाल. आणि गांजा, गोळ्या वगैरे कुणी ऑफर केलं तर तिथून निघाच, ड्रग्जच्या मोठ्या केसला त्या देशात मृत्युदंड आहे.

स्कूटर भाड्यानं घेऊ का, असं मला दहा जणांनी विचारलंय. घेऊ नका. आपल्या आरटीओचं इंटरनॅशनल लायसन्स १९४९ च्या रस्ते-वाहतूक करारातलं असतं, तिथं १९६८ च्या करारातलं चालतं, त्यामुळं पोलिसांनी धरलं तर उत्तर नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. वरून दुकानदार पासपोर्ट ठेवून घे म्हणतो आणि परत देताना जुना ओरखडा नवा म्हणून दाखवतो. रस्ता चालत ओलांडायचा मात्र शिकून घ्या: एका चालीनं, हळूहळू, सरळ चालत राहायचं, गाड्या तुम्हाला चुकवून जातात. मधीच पळालात किंवा मागं सरलात की घोळ.

एवढं करून पण फोन गेलाच तर मागं पळू नका, त्या गर्दीत तुम्हीच गाडीखाली याल. आपल्याकडं फोन गेला म्हंजे सिम गेलं, सिम गेलं म्हंजे ओटीपी गेला, आणि मग बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळंच एकदम बंद पडतं. म्हणून घरी पडलेला जुना डबा फोन सोबत न्या, भारतातलं सिम त्याच्यात घालून हॉटेलच्या लॉकरात ठेवा, आणि तिथलं सिम चालू फोनमध्ये. मेव्हण्याचं वाचलं ते एवढ्यामुळंच, आम्ही रूमवर येऊन पंधरा मिनिटांत यूपीआय बंद केलं, फोन दुरून लॉक केला. बँकेचा नंबर, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळखनंबर), पासपोर्ट नंबर हे कागदावर लिहून बॅगेत ठेवा, सगळं फोनमध्येच असलं तर फोन गेल्यावर बघणार कशात?

पोलिसांचा नंबर ११३, ॲम्ब्युलन्सचा ११५, पण इंग्रजी जेमतेम. आम्ही हॉटेलातल्या रिसेप्शनच्या पोरीला हात जोडून सोबत नेलं त्या वॉर्डाच्या चौकीत, दीड तास गेला, फोन मिळणार नाही हे त्यांनी हसत हसत सांगितलं, पण शिक्क्याचा कागद दिला. इन्शुरन्सला तोच लागतो, शिक्का आणि तारीख बघूनच उठा.

पासपोर्ट गेला तर काम लांबतं. आधी पोलिसांचा कागद, मग शहरातल्याच भारतीय वाणिज्य दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट (घरी परतायचा तात्पुरता कागद), आणि ते घेऊन व्हिएतनामच्या इमिग्रेशनकडून देश सोडायचा व्हिसा, यात काही दिवस जातात आणि तुमचं परतीचं तिकीट तोवर उडून जातं. हॉटेलवाले नोंदणीला पासपोर्ट घेतात ते बरोबर आहे, तेवढा त्याच दिवशी परत मागून घ्या, लॉकरात टाका, आणि बाहेर फिरताना झेरॉक्स वापरा.