पार्टी लावली नाही, तरी प्रायमरीत मत देता येतं का?

अमेरिकेत सिटिझन झालात, व्होटर रजिस्ट्रेशन केलं आणि पार्टीच्या रकान्यात काहीच टिक केलं नाही, आपल्यातले बरेच जण हेच करतात, उगाच कशाला शिक्का मारून घ्या. पण तिकडे भारतात तिकीट कोणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात, इथे ते प्रायमरीत मतदार ठरवतात, आणि जिथे वर्षानुवर्षं एकच पार्टी निवडून येते तिथे खरी निवडणूक हीच असते, नोव्हेंबरात नुसता सोपस्कार. त्यामुळे चुकवू नका.

आधी राज्याच्या इलेक्शन वेबसाइटवर जाऊन आपलं रजिस्ट्रेशन उघडा आणि पार्टीपुढे काय लिहिलंय ते बघा. कॅलिफोर्नियावाल्यांनी जरा नीट बघा हं, तिथे 'अमेरिकन इंडिपेंडंट' नावाची खरीखुरी पार्टी आहे आणि आपण इंडिपेंडंट म्हणून लोक तिच्यावरच टिक करून बसतात. तुम्हाला हवं असतं ते 'नो पार्टी प्रेफरन्स'.

पुढचं सगळं राज्यावर. न्यू जर्सीत अनअफिलिएटेड (म्हणजे कुठलीच पार्टी न लावलेले) असाल तर प्रायमरीच्या दिवशी सरळ बूथवर जा, टेबलावर कुठली पार्टी ते सांगा, बॅलट मिळतो, फक्त त्या क्षणापासून तुम्ही रेकॉर्डवर त्या पार्टीचे, परत मोकळं व्हायचं तर नंतर पुन्हा फॉर्म भरायचा. मत कोणाला दिलं ते गुप्तच राहतं, पार्टी मात्र दिसते. मॅसॅच्युसेट्समध्ये ही कटकटच नाही, बॅलट कुठल्याही पार्टीचा घ्या, शिक्का लागत नाही.

कोलोरॅडोत २०१६ च्या प्रपोझिशन १०८ (मतदारांनी मतदान करून मंजूर केलेला कायदा) नंतर अनअफिलिएटेड मतदाराला डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन, दोन्ही पार्ट्यांचे बॅलट एकत्र पोस्टाने घरी येतात. भरून पाठवायचा एकच! दोन्ही भरून पाठवले तर दोन्ही बाद, आणि हा घोळ होतोच, म्हणून नको असलेला बॅलट आलेल्या दिवशीच फाडून टाका. टेक्सास, व्हर्जिनियात तर रजिस्ट्रेशनमध्ये पार्टीच नसते, पण टेक्सासात एका पार्टीच्या प्रायमरीत मत दिलंत की रनऑफलाही (कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर होणारी दुसरी फेरी) तीच.

न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात मात्र पार्टी नाही तर उमेदवार निवडायला मत नाही. न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी पार्टी बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते, तेव्हा कोणाच्या डोक्यात इलेक्शन असतं!

ग्रीन कार्डवाल्यांनी यातलं काहीही करू नका. लायसन्स काढताना व्होटर रजिस्ट्रेशनचं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा, पुढे सिटिझनशिपला तेच आडवं येतं.