वसंतात काठावरून क्रॅपी मासा कसा शोधावा

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासा वर्षातील बराच काळ खोल पाण्यात राहतो, त्यामुळे होडी नसलेल्याच्या गळाला तो सहसा लागत नाही. वसंतात मात्र तो अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतो आणि तेवढे काही आठवडे काठावरून गळ टाकणाऱ्यालाही चांगली संधी मिळते. निघण्यापूर्वी अमेरिकेच्या ज्या राज्यात मासेमारी करायची त्या राज्याचा मासेमारी परवाना काढावा आणि किती व केवढे मासे ठेवता येतात, हे पाहून घ्यावे.

सर्वप्रथम पाण्याचे तापमान मोजावे. साधारण 50 ते 55 अंश फॅरनहाइटला क्रॅपी काठाकडे सरकू लागतात आणि 60 ते 68 अंशांच्या दरम्यान अंडी घालतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ही वेळ मार्चच्या सुमारास येते, तर उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात मे-जून उजाडतो. म्हणूनच तारखेपेक्षा तापमानावर भिस्त ठेवावी. दुपारच्या उन्हात पृष्ठभाग फसवा तापतो, यासाठी तापमापक दोरीला बांधून दोन फूट खाली सोडावा.

त्यानंतर जागा निवडावी. जमिनीत आत शिरलेले, वाऱ्यापासून सुरक्षित असे तलावाचे कोनाडे आधी पाहावेत, आणि त्यांतही उत्तरेकडचा काठ, कारण त्यावर दक्षिणेचे ऊन दिवसभर पडते आणि थंड उत्तरवारा अडतो. तेथे तळाशी वाळू किंवा बारीक खडी असावी आणि जवळ बुडालेले खुंट, पडलेले झाड किंवा लव्हाळी असावीत. नर अशा आडोशाला घरटे कोरतो, आणि ही घरटी बहुधा जवळजवळ असल्याने एक मासा लागला की ती जागा घाईने सोडू नये.

खरे कौशल्य खोली शोधण्यात आहे. गढूळ पाण्यात क्रॅपी दोन-तीन फुटांवर, तर स्वच्छ पाण्यात त्याहून बरेच खोल अंडी घालतात. बॉबरखाली (दोरीला अडकवलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्याखाली) दीड फुटावर 1/16 किंवा 1/32 औंसाची जिग (डोक्याशी वजन असलेला, आमिष लावलेला गळ) बांधावी आणि मासा लागेपर्यंत दर काही फेकींनंतर अंतर अर्धा फूट वाढवावे. जिग खुंटाच्या पलीकडे टाकून हळूहळू ओढत आणावी व खुंटाशेजारी थांबवावी. क्रॅपी वर पाहून खातो, म्हणून आमिष त्याच्या किंचित वरच असावे. बॉबर बुडण्याऐवजी आडवा पडला, तर माशाने आमिष तोंडात घेऊन वर उचलले आहे असे समजावे. या माशाच्या तोंडाची त्वचा अतिशय पातळ असते, त्यामुळे हिसका न देता काठी अलगद उचलावी. पाण्याच्या अगदी कडेशी जाण्यापूर्वी दोन पावले मागे उभे राहून काठालगत गळ टाकावा, अन्यथा सावलीने व पावलांच्या धक्क्याने जवळचेच मासे पळतात.

विणीच्या काळात काळाकुट्ट झालेला मासा बहुधा घरट्याची राखण करणारा नर असतो. तो नेला तर अंडी इतर माशांच्या तोंडी पडतात, म्हणून माझ्या मते त्याला तत्काळ त्याच जागी सोडावे.

अचानक थंडी परतली, तर हे मासे जवळच्या उतारावर थोडे खोल सरकतात. अशा वेळी कोनाडा बदलू नये; बॉबरखालची दोरी वाढवून त्याच उताराच्या कडेने शोध घ्यावा.