लिनक्स इमेज ॲझ्युरच्या गॅलरीत कशी चढवावी: गोची शेवटच्या ५१२ बाइटांची

पॅकर या इमेज बनवणाऱ्या साधनाने क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर इमेज (पूर्ण डिस्कची फाइल) तयार केली आहे, ती तुमच्याकडे बूट होते आणि ॲझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर स्टोरेज अकाउंट व कम्प्यूट गॅलरी (इमेज नोंदवून ठेवायची जागा) उघडलेली आहे, असे मी धरून चालतो. मशीन बंद करण्यापूर्वी इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल-व्यवस्थेत) हायपर-व्हीचे, म्हणजे ॲझ्युरखालच्या व्हर्च्युअल मशीन प्रणालीचे, ड्रायव्हर आहेत ना हे पाहावे आणि अगदी शेवटी ॲझ्युर लिनक्स एजंटकडून डीप्रोव्हिजन करून, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या खुणा पुसून, घ्यावे. त्यानंतर ते मशीन पुन्हा सुरू करू नये.

खरे काम डिस्कच्या रूपांतराचे आहे. व्हीएचडी हे व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलचे एक स्वरूप, व्हीएचडीएक्स ही त्याची नंतरची आवृत्ती. ॲझ्युरच्या डिस्कसाठी व्हीएचडीएक्स चालत नाही आणि डायनॅमिक (गरजेनुसार वाढणारी) व्हीएचडीही चालत नाही. फिक्स्ड (सुरुवातीपासून पूर्ण आकाराची) व्हीएचडीच लागते आणि तिचा व्हर्च्युअल आकार १ एमबीच्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांच्या, पूर्ण पटीत असावा लागतो. माझी पहिली इमेज नेमकी २० जीबीची असल्याने मी निर्धास्त होतो. घरच्या ब्रॉडबँडवरून रात्रभर फाइल चढवली आणि सकाळी डिस्क बनवायला घेतली, तर आकार २१,४७,५२,७०,६५६ बाइट आहे व तो पूर्ण एमबीत नाही, अशी तक्रार समोर आली. हे ४,३४,१७६ बाइट मी वाढवलेले नव्हते. क्यूएमूची रूपांतराची कमांड वेगळे काही सांगितले नाही तर आकार सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांच्या जुन्या मोजणीत बसवते. १६ हेड गुणिले ६३ सेक्टर असा १,००८ सेक्टरांचा एक सिलिंडर होतो. २० जीबीला ४१,६१० सिलिंडर थोडक्यात अपुरे पडतात, म्हणून ती ४१,६११ घेऊन मोकळी होते.

म्हणून आधी इमेज रॉ स्वरूपात, म्हणजे डिस्कच्या जशाच्या तशा बाइटांत, आणावी. तिचा आकार पटीत नसेल तर तो वरच्या एमबीपर्यंत वाढवावा. कमी कधीही करू नये, कारण शेवटच्या पार्टिशनचे शेपूट कापले जाते. मग रूपांतर करताना फिक्स्ड सबफॉरमॅट आणि फोर्स-साइज (दिलेला आकार तसाच ठेवणारा) हे दोन्ही पर्याय द्यावेत. (या कमांडमध्ये व्हीएचडीचे नाव ‘व्हीपीसी’ आहे, व्हर्च्युअल पीसीच्या काळाची ती खूण.) फोर्स-साइज गाळलेली कृती कोणी दाखवली, तर ती सरळ बाजूला ठेवावी.

तयार फाइलच्या आकारातून ५१२ वजा करून मगच १०,४८,५७६ ने भागावे. बाकी शून्य आली पाहिजे. २० जीबीच्या डिस्कची फाइल २१,४७,४८,३६,९९२ बाइटांची भरते. पुष्कळ जण वजाबाकी न करताच भागाकार करतात, ५१२ बाकी पाहून घाबरतात आणि ट्रंकेट या फाइलचा आकार बदलणाऱ्या कमांडने व्हीएचडीच ताणून ‘सरळ’ करतात. हा सल्ला मी अनेकदा वाचला आहे आणि तो घातक आहे. ते ५१२ बाइट म्हणजे व्हीएचडीचा फूटर, फाइलच्या शेवटी असणारा डिस्कच्या माहितीचा तुकडा. त्याच्या सुरुवातीला ‘कोनेक्टिक्स’ हा आठ रोमन अक्षरांचा शब्द असतो, व्हर्च्युअल पीसी बनवणाऱ्या कंपनीच्या नावातला एक ‘एन’ गाळलेला. फाइल पुढे ताणली की फूटर मध्येच अडकतो आणि शेवटी तो शब्द सापडत नाही म्हणून डिस्क नाकारली जाते. फाइलचे शेवटचे ५१२ बाइट हेक्सडंपमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) उघडून तो शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

अपलोड एझेडकॉपी या ॲझ्युरच्या कमांडने, पेज ब्लॉब असा प्रकार स्पष्ट सांगून करावा (ब्लॉब म्हणजे स्टोरेज अकाउंटमधली फाइल) आणि एसएएस टोकनची, म्हणजे अपलोडच्या तात्पुरत्या परवान्याची, मुदत सढळ ठेवावी. चढवताना फूटर कोणी तपासत नाही. चुकीची फाइलही निमूटपणे वर जाते, हे माझ्या त्या रात्रीने शिकवले.

पुढचे सोपे आहे. त्याच रीजनमध्ये (ॲझ्युरच्या प्रदेशात) ब्लॉबवरून जनरलाइज्ड, म्हणजे नवी मशीन उभी करण्याजोगी, इमेज बनवावी. जुन्या बायोस पद्धतीने बूट होणारी असेल तर पहिली जनरेशन, नव्या यूईएफआय पद्धतीने होणारी असेल तर दुसरी. मग गॅलरीत १.०.० अशा तीन भागांच्या आवृत्ती-क्रमांकाने ती नोंदवून हवे ते रीजन जोडावेत. त्या आवृत्तीवरून एक व्हीएम उभे करून एसएसएचने आत शिरता आले, की मूळ ब्लॉब पुसून टाकावा, नाहीतर त्याचे भाडे विनाकारण चालू राहते.