इंजिन ऑइल निवडताना या चुका टाळा

डबा हातात घेतला की नजर ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडवर जाते आणि तिथेच थांबते. पहिली चूक हीच. हा आकडा फक्त दाटपणा सांगतो: डब्ल्यूच्या आधीचा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहील याचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहील याचा. ते कोणत्या इंजिनासाठी आहे, हे मागच्या बारीक अक्षरांत असतं: एपीआय एसपी, एसीईए सी३ वगैरे दर्जाची मानकं. मॅन्युअलमधला ग्रेड आणि हे स्पेसिफिकेशन, दोन्ही जुळलं पाहिजे.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत ही चूक सगळ्यात महाग पडते. तिला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. फिल्टरमधली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होताना, जळून जाते, पण ऑइलची राख जळत नाही. ती साचत जाते आणि फिल्टर चोंदतो. अशा वेळी ग्रेड अगदी बरोबर असूनही नुकसान होतं.

‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ हा समज सोडून द्या. ऑइलच्या बारीक वाटा असलेल्या इंजिनात जाड ऑइल सकाळी स्टार्ट करताना वरच्या भागात उशिरा पोचतं, आणि बरीचशी झीज तेव्हाच होते. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते, तीही मंदावू शकते.

लेव्हल बघताना गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक (लेव्हल मोजायची पट्टी) पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. मॅक्सच्या खुणेवर भरू नका: इंजिनाचा फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, ऑइल घुसळून फेस करतो आणि फेसाळ ऑइलने दाब टिकत नाही. कमी असेल तर पाव-पाव लिटर घालत पुन्हा तपासा.

काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल असं नाही, डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं. घाबरायचं ते दुधाळ रंगाला. डिपस्टिकवरच ऑइल दुधी दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) मिसळत असू शकतो, गाडी चालवू नका. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा दुधी थर असेल, तर बऱ्याचदा ती छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते.

लेव्हल आपोआप वाढतेय आणि इंधनाचा वास येतोय? डीपीएफचं रिजनरेशन अर्धवट राहिल्यानं डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल. ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशरही नवा टाका.