विंडोजमधला कॅल्क्युलेटर गायब झाला तर

आधी स्टार्ट उघडून ‘कॅल्क्युलेटर’ शोधा. बऱ्याचदा अ‍ॅप जागेवरच असतं, फक्त त्याचं पिन निघालेलं असतं.

सापडतो पण उघडत नाही? विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स इथे जा. नावापुढच्या तीन टिंबांवरून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा आणि आधी रिपेअर दाबा. त्यात डेटा राहतो. रिसेटमध्ये पुसला जातो. स्टिकी नोट्ससारख्या अ‍ॅपवर रिसेट दाबण्यापूर्वी नोंदी सिंक झाल्यात का, हे नक्की बघा!

यादीतच नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. एकाच नावाची अनेक अ‍ॅप्स दिसतात. प्रकाशक ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’ असलेलंच निवडा. ते मोफत असतं.

स्टोअरच नसेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकटीत ‘डब्ल्यूएसरिसेट’ इंग्रजीत टाइप करा, मग एक स्पेस, वजाचं चिन्ह आणि लगेच ‘आय’ हे अक्षर. एंटर. काही मिनिटं पडद्यावर काहीच घडत नाही, तरी पुन्हा पुन्हा चालवू नका. स्टोअर मागे डाउनलोड होत असतं, त्यामुळे इंटरनेट सुरू हवं.

वर्डपॅड मात्र शोधत बसू नका. विंडोज 11 च्या 2024 मधल्या 24एच2 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तो काढूनच टाकला आहे.